गोधडीची लिपी

मराठीत 'दसरा काढणे' असा एक वाक्प्रचार आहे. शहरात वाढलेल्या मुलामुलींना त्याचा अर्थ विचारला, तर ती कोड्यात पडतात. दसरा येतो, साजरा होतो, सोने लुटून निघूनही जातो. तो 'काढायचा' कसा? खेड्यापाड्यांत मात्र भाद्रपद सरत आला, की हा शब्द बायकांच्या तोंडी येतो. घट बसण्यापूर्वी घरातले झाडून सारे अंथरूण-पांघरूण बाहेर काढायचे, नदीवर, ओढ्यावर किंवा विहिरीवर न्यायचे, धुवायचे आणि कडक उन्हात वाळवायचे, याचे नाव दसरा काढणे. भिजलेली गोधडी एकट्या बाईला उचलत नाही. दोन टोकांना दोघी उभ्या राहतात, पीळ देतात आणि पाण्याची धार थांबेपर्यंत पिळतात. मग काठावरचे खडक, बाभळी, कुंपणे सगळीकडे गोधड्याच गोधड्या पसरतात. कोणाच्या घरी माणसे किती, कोणाची सून हाताची कामसू, कोणाकडे औंदा नवे लुगडे आले आणि कोणाकडे तीन वर्षे आलेच नाही, हे सगळे त्या दिवशी नदीकाठी उघड्यावर वाचायला मिळते.

दिवाळी हा नव्या कपड्यांचा सण. अशा वेळी जुन्यापान्या कपड्यांविषयी लिहिणे औचित्याला सोडून आहे, असे कोणी म्हणेल. पण नवा कपडा घरात आला, की जुन्याचे काय करायचे हा प्रश्न त्याच्या पाठोपाठ येतोच. या प्रश्नाला आपल्या आज्या-पणज्यांनी जे उत्तर शोधले, ते म्हणजे गोधडी.

आधी शब्दांचा थोडा हिशेब करू; मराठी शिकवण्याचा धंदा असल्यामुळे तो मोह मला आवरत नाही. वर्गात एकदा मी मुलांना विचारले, "तुमच्या घरी हिला काय म्हणतात?" कोल्हापूरकडच्या मुलीने 'वाकळ' सांगितले, पुण्याच्या मुलाने 'गोधडी'. एकाने 'चौघडी' म्हटले आणि त्याचे त्यालाच हसू आले, कारण हा शब्द त्याने आजीखेरीज कोणाच्याच तोंडून ऐकला नव्हता. बेळगावकडच्या एकीने 'कौदी' हा कानडी शब्द दिला. तान्ह्या बाळाचे ते 'दुपटे'. मोल्सवर्थच्या १८५७ सालच्या कोशात गोधडीही आहे आणि वाकळही. आपल्याला आता हे सारे शब्द एकाच वस्तूचे वाटतात. पण 'रजई' आणि 'दुलई' यांना गोधडीच्या पंक्तीला बसवता येत नाही. रजईत कापूस असतो. तो पिंजाऱ्याने पिंजलेला, विकत घेतलेला असतो, आणि कापड बहुधा नवे. गोधडीत कापूस नाही, पिंजारी नाही आणि नवे कापडही नाही. एकावर एक अंथरलेले जुने कापड आणि त्यातून गेलेला दोरा, एवढीच तिची सामग्री.

'चौघडी' या शब्दात तर सगळी कृतीच सांगून टाकलेली आहे. नऊवारी लुगड्याची लांबी नऊ वार. त्याच्या चार घड्या घातल्या, की प्रत्येक घडी सव्वादोन वारांची, म्हणजे पावणेसात फुटांची होते. माणूस ताणून झोपला तरी पाय बाहेर येत नाहीत! रुंदी लुगड्याच्या पन्ह्याएवढी, सुमारे पंचेचाळीस इंच. कात्री न लावता, एक इंचही वाया न घालवता, एका लुगड्यातून एका माणसाचे चार पदरी पांघरूण निघते. नेसायला नऊ वार का लागतात याची कारणे पंडितांनी सांगितली आहेत. पांघरायला नऊ वार कसे पुरतात, याचा हिशेब मात्र बायकांनी मनातल्या मनात केला.

आता टाके मोजू. दोन ओळींत पाऊण इंचाचे अंतर धरले, तर पंचेचाळीस इंच रुंदीत साठ ओळी बसतात. प्रत्येक ओळ एक्याऐंशी इंचांची. म्हणजे दोऱ्याची वाट ४,८६० इंच, अर्थात १३५ वार झाली. अर्ध्या इंचाला एक टाका धरला, तर एका चौघडीत ९,७२० टाके पडतात. मिनिटाला दहा टाके घालणारा हात चपळच म्हटला पाहिजे. तोही न थांबता चालला तरी सोळा तास लागतात. स्वयंपाक, धुणी, गुरे, लेकरे यांतून दुपारचे दोन तास सुटले, तर आठ दुपारी. फाटके धुणे, उसवणे, ठिगळे जुळवणे, पदर एकमेकांवर सुरकुती न पडता बसवणे हे सारे वेगळे. आणि ही चार पदरांची साधी गोष्ट झाली. पाच-सहा पदरांची, ठिगळाठिगळांची वाकळ म्हटली, की सुई ओढताना बोटाला घट्टे पडतात.

हे काम उन्हाळ्यात होई. सुगी उरकलेली, शेतात काम नाही, पावसाला अवकाश आहे. पुढे पाऊस लागला की ना अंगण कोरडे राहणार, ना धुतलेले वाळणार. अंगण सारवून घ्यायचे, खाली धडके लुगडे पसरायचे, त्यावर चिंध्या-तुकड्यांचे थर रचायचे, वर पुन्हा धडके कापड घालायचे, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवायचे. धावदोरा बाहेरच्या काठाने सुरू करून चौकोनात चौकोन घालीत आत आत न्यायचा, की मधला झोळ बाहेर निघत नाही. शेजारणी चार बाजूंना बसत. माझ्या आजीच्या माहेरी या बैठकीत पुरुषाने डोकावायचे नाही असा दंडक होता. म्हणजे गावातल्या खऱ्या बातम्या कोठे मिळत, हे निराळे सांगायला नको.

एवढे कष्ट कशासाठी? आज आपण 'जुन्या वस्तूंचा पुनर्वापर' असे भारदस्त शब्द योजतो, आणि जणू आजीला निसर्गाची काळजी होती असे मानून तिचे कौतुक करतो. आजीला काळजी थंडीची होती. कापड महाग होते. सूत हातावर कातायचे, मागावर विणायचे, अशा काळात वर्षाला दोन लुगडी मिळणारी बाई भाग्याची. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत पहिली गिरणी काढली आणि पुढच्या काळात गिरणीचे कापड गावोगाव गेले, तरी गरिबाच्या घरी ते सहज येऊन पडत नव्हते. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई इतकी झाली, की १९४३ साली सरकारला त्यावर नियंत्रणे घालावी लागली. ज्या घरातल्या बाईला टाका येत होता, त्या घराची थंडी त्या वर्षांतही निभावली.

मग गोधडी शहरांतून गेली कशी? तिला दोन गोष्टींनी हटवले. पहिली बोहारीण. जुने कपडे द्या आणि भांडे घ्या, हा व्यवहार दारात आला, आणि जुन्या लुगड्याला प्रथमच बाजारभाव मिळाला. स्टीलची चकचकीत पातेली फळीवर मांडण्याची हौस असलेल्या पिढीने गोधड्यांची लुगडी बोहारणीच्या गाठोड्यात घातली. त्यात हौसेइतकाच शहाणपणाही होता, कारण चाळीतल्या दोन खोल्यांत अंगण नव्हते, आणि आठ मोकळ्या दुपारीही नव्हत्या. दुसरी गोष्ट म्हणजे नायलॉन आणि पॉलिएस्टर. ही पातळे फाटत नाहीत, विटत नाहीत, धुवायला सोपी. पण घाम शोषत नाहीत आणि थर रचले की एकमेकांवरून घसरतात. सुती लुगडे जितके जुने तितके मऊ होते. पॉलिएस्टर म्हातारे होते, पण मवाळ होत नाही. जानेवारी १९८२ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. घरोघरी येणारे स्वस्त, जाड, टिकाऊ सुती कापडही तिच्याबरोबर विरळ झाले. म्हणजे गोधडीचा कच्चा मालच संपला.

पण गोधडी ही केवळ टंचाईची गोष्ट असती, तर आपल्या धर्मात आणि वाङ्मयात तिला इतकी मानाची जागा मिळाली नसती. संस्कृतात तिला 'कंथा' म्हणतात. भर्तृहरीच्या वैराग्यशतकातला विरक्त कंथा पांघरतो. नाथपंथी जोग्याच्या साजात झोळी आणि शृंगी यांच्याबरोबर कंथा आहे. त्याच्याही मागे गेलो, तर बौद्ध भिक्षूंचे चीवर आहे. धुळीत टाकलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, जोडून केलेले वस्त्र ते पांसुकूल. विनयपिटकात अशी कथा आहे, की मगधातली बांधाबांधांनी आखलेली भातखाचरे पाहून बुद्धांनी आनंदाला विचारले, 'भिक्षूंचे वस्त्र असे करता येईल का?' आनंदाने त्या आराखड्याने तुकडे जोडले. भिक्षूच्या चीवरावर आजही शिवणींचे बांध दिसतात, ते या खाचरांचे.

आपल्याकडे संत नामदेव जातीने शिंपी. गुरु ग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदे आहेत. त्यांतल्या एका पदात मन हा गज, जीभ ही कात्री आणि हरिनाम हे शिवणकाम, असे सारे दुकानच त्यांनी देवापुढे मांडले आहे. अंबाजोगाईच्या दासोपंतांनी (१५५१–१६१५) तर 'पंचीकरण' हा आपला ग्रंथ कागदाऐवजी सुमारे चाळीस फूट लांबीच्या कापडावर लिहिला. तो 'पासोडी' या नावाने ओळखला जातो. आणि पासोडी म्हणजे जाडेभरडे पांघरूण. अगदी अलीकडचे उदाहरण गाडगेबाबांचे (१८७६–१९५६). चिंध्यांचा अंगरखा घातलेल्या या माणसाला लोक 'गोधडेबुवा' म्हणत, 'चिंधेबुवा' म्हणत. हयातभर चिंध्या नेसणाऱ्या त्या माणसाचे नाव आज अमरावतीच्या विद्यापीठाला आहे.

बायकांच्या कथांतही चिंधीचा मोठा मान. कृष्णाचे बोट कापले तेव्हा सुभद्रेच्या भरजरी पेटाऱ्यात चिंधी सापडेना. द्रौपदीने अंगावरचे वस्त्र फाडले आणि बोट बांधले. त्या चिंधीची फेड वस्त्रहरणाच्या वेळी झाली, असे लोककथा सांगते. मुले जगत नसत त्या घरी नव्या बाळाला नवे वस्त्र घालीत नसत. चार घरांतून जुने मागून आणीत, आणि नावही भिकू, धोंडू, दगडू असे ठेवीत. हे पोर टाकाऊ आहे, याच्याकडे बघू नकोस, असे मृत्यूला फसवण्याचा तो आईचा डाव होता. आजीच्या लुगड्याचे दुपटे करण्याची चाल आपण ममतेची मानतो. तिच्या मुळाशी ही भीतीही आहे.

याच समाजात, याच काळात, गोधडी ओवळी होती. सोवळ्यात धाबळी चाले, रेशीम चाले. सुती अंथरुणाला मात्र शिवायचे नाही. सकाळी आंघोळीआधी गोधड्यांच्या घड्या घालून कोनाड्यात सारायच्या, आंघोळ झाली की त्यांच्याकडे फिरकायचे नाही. साधूच्या खांद्यावर कंथा पूज्य ठरली, घरातली गोधडी विटाळाची. साधूने चिंध्या आपखुशीने घेतल्या होत्या. बाईला निवड नव्हती. फरक एवढाच.

निवड नसलेल्या बाईचा विषय निघाला म्हणून आमच्या घरातली एक गोष्ट सांगते. आमच्याकडे आजीच्या हातची एक जाड गोधडी होती. गोधडी जुनी झाली, की टाकून न देता तिच्यावर नवे लुगडे चढवून पुन्हा टाके घालण्याची रीत असल्यामुळे ती दर काही वर्षांनी जाड होत गेली होती. पांढरीच्या टेकाडात जसे एका वस्तीवर दुसऱ्या वस्तीचे थर सापडतात, तसे तिच्यात एका पिढीवर दुसऱ्या पिढीचे थर होते. एका वर्षी धुताना घडीवर ती विरली, आणि आतून लालभडक, बिनकाठाचे कापड डोकावले. सारे रंग विटले होते. उजेड न लागल्यामुळे हा मात्र ताजा राहिला होता.

"हे कोणाचं, आत्या?" मी विचारले.

आत्या थोडा वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "ते आलवण. आजोबांच्या थोरल्या बहिणीचं. वर लावायला अशुभ, म्हणून आत घातलं."

आजोबांना थोरली बहीण होती हे मला तोवर ठाऊक नव्हते. लहानपणी विधवा झालेली, केशवपन केलेली, माहेरी परत आलेली आणि स्वयंपाकघराच्या अंधारात आयुष्य काढून गेलेली ती बाई. तिचा फोटो नाही, तिचे पत्र नाही, घराच्या वंशावळीत तिचे नाव नाही, कारण वंशावळ पुरुषांची. या घरात ती होती याचा एकमेव पुरावा ते आलवण होते, आणि ते आजीने टाकले नव्हते. लोकलाजेस्तव आत घातले, पण घातले. आम्ही सारी भावंडे लहानपणी जिच्या उबेत झोपलो, त्यात तिचीही ऊब होती. आत्याने मग तिचे नाव सांगितले. ते मी वंशावळीच्या कागदावर लिहून ठेवले आहे.

म्हणून 'मायेची ऊब' या शब्दांविषयी मला अलीकडे थोडी शंका येऊ लागली आहे. गोधडी म्हटली की हे दोन शब्द पाठोपाठ येतात. निबंधात येतात, भाषणात येतात, आणि आता दुकानांच्या पाट्यांवरही येतात. माया खोटी आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. पण माया म्हटली, की हिशेब थांबतो. मायेने केलेल्या वस्तूचे तास कोणी मोजत नाही, तिच्या करणारणीचे नाव विचारत नाही, आणि तिच्यातली कारागिरी पारखत नाही. सोनाराचा दागिना 'अमक्या पेढीचा' म्हणून ओळखला जातो. पैठणीला गावाचे नाव मिळाले. गोधडी मात्र कोणाची, तर आईची. जगातल्या सगळ्या आयांची मिळून एकच!

इतरत्र काय आहे? बंगालात आपल्या गोधडीची सख्खी बहीण आहे, कांथा. जुन्या साड्या, धोतरे, आणि साडीच्याच काठातून ओढून काढलेले रंगीत दोरे. तिथल्या बायकांनी तिच्यावर कमळे, रथ, हत्ती, पालख्या काढल्या, आणि काहींनी नावेही घातली. कोलकात्याच्या गुरुसदय संग्रहालयात मानदासुंदरी नावाच्या बाईने वडिलांसाठी शिवलेली एक कांथा आहे. नाव तिनेच सुईने लिहिलेले. कवी जसीमुद्दीन यांनी १९२९ साली 'नक्शी कांथार माठ' हे काव्य लिहिले. त्यातली नायिका आपली सारी कहाणी कांथेवर काढते आणि मेल्यावर ती कबरीवर अंथरायला सांगते. सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत जॉर्जिया राज्यात हॅरिएट पॉवर्स नावाची, गुलाम म्हणून जन्मलेली बाई होती. बायबलातल्या कथा ठिगळांनी रंगवलेली तिची गोधडी १८८६ साली एका प्रदर्शनात मांडली गेली. घेणारीने मागणी केली तेव्हा तिने नकार दिला. पुढे हालाखी आली तेव्हा पाच डॉलरला दिली. पण देताना प्रत्येक चित्राचा अर्थ तिने तोंडी सांगितला, आणि घेणारीने तो लिहून घेतला. नंतर ती आपली गोधडी बघायला त्या घरी जात असे. आज ती गोधडी वॉशिंग्टनच्या स्मिथ्सोनियन संग्रहालयात आहे, आणि तिच्याबरोबर तिचे नावही आहे.

इतके लांब जायलाही नको. बेळगावच्या खाली, उत्तर कानडा जिल्ह्यात हल्याळ-यल्लापूरच्या रानात सिद्दी लोक राहतात. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आलेले. आज त्यांच्यातले अनेकजण कोकणी बोलतात. त्यांच्या बायका 'कवंदी' शिवतात. चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या तुकड्यांची 'फुलं' बसवल्याशिवाय त्या कवंदी पुरी झाली असे मानत नाहीत. फुलाविना कवंदी म्हणजे नागडी, असे त्या म्हणतात.

आमच्या मराठी गोधडीवर मात्र नाव नाही, चित्र नाही, हे मनात घोळत असतानाच माझ्या आईच्या लुगड्यांचा प्रश्न आला. आई गेल्यावर तिची कपाटभर लुगडी आणि पातळे उरली. बहिणीचे म्हणणे, वाटून घेऊ. भावजय म्हणाली, एखाद्या संस्थेला देऊ. शेवटी गोधड्या शिवून घ्यायचे ठरले. आमच्या भागात रस्त्याच्या कडेला पिंपळाखाली एक बाई गोधड्या शिवायला बसतात. त्यांना मावशी म्हणायचे. मी गाठोडे नेऊन त्यांच्यापुढे सोडले. त्यांनी एकेक लुगडे चिमटीत धरले, चुरगळले, उजेडाकडे धरले, आणि दोन ढीग केले.

"ही घरी न्या, बाई," मोठ्या ढिगाकडे बोट दाखवीत त्या म्हणाल्या. "ह्याला टाका धरत न्हाई. दोन पावसाळ्यांत उसवंल, आन् तुमी म्हनाल मावशीनं फशिवलं."

त्या मोठ्या ढिगात आईची महागडी पातळे होती. उरलेल्या लहान ढिगात तिची रोजची सुती लुगडी. मजुरी ठरली. ती ऐकून बहीण म्हणाली, "एवढ्यात तर दुकानात नवी मिळेल!" मी वर सांगितलेला टाक्यांचा हिशेब तिथल्या तिथे करून तिला दाखवला, तेव्हा ती गप्प राहिली.

पंधरा दिवसांनी गोधड्या तयार झाल्या. मी म्हटले, "मावशी, कोपऱ्यात तुमचं नाव घालाल का? मी खडूनं लिहून देते, तुम्ही वरून टाके घाला."

त्या हसल्या. "माजं नाव हाय की त्यात."

"कुठं?"

त्यांनी गोधडी उलटी केली आणि कोपऱ्यावर बोट ठेवले. चौकोन वळतो त्या प्रत्येक ठिकाणी धावदोरा सरळ न वळता एक टाका मागे येऊन मग पुढे गेला होता. चारी कोपऱ्यांत, प्रत्येक चौकोनात, शेवटपर्यंत तसेच. "माजी आय आसंच वळवायची. तिची आय बी. आमच्या वाडीत टाका बगूनच बाया सांगत्यात वाकळ कुनाची. धुयाला नदीवर शंभर वाकळा पडल्या, तरी कुनाची कुनाकडं गेली न्हाई कंदी."

नदीकाठच्या त्या गोधड्या मग निराळ्याच दिसू लागल्या. त्यांवर नावे होती, वाचणाऱ्याही होत्या. अक्षर ओळखण्याला साक्षरता म्हणायचे आणि टाका ओळखण्याला काहीच म्हणायचे नाही, हा आमचा शाळा-कॉलेजांचा हिशेब. एका लिपीत त्या मावशी निरक्षर असतील, तर दुसरीत मी आहे; आणि त्यांची लिपी वाचणाऱ्यांची संख्या वर्षाला घटते आहे.

गोधडी आता पुन्हा बाजारात आली आहे. प्रदर्शनांत, मोठ्या दुकानांत ती नव्या कापडाच्या, रंग जुळवलेल्या तुकड्यांची, यंत्रावर शिवलेलीही मिळते. त्यात वाईट काही नाही. त्यावर चार बायकांचे पोट चालत असेल, तर चांगलेच आहे. पण ती संपून पुन्हा जन्माला आली, असे मात्र कोणी समजू नये. दसरा झाला, की बीडकडून ऊसतोड कामगार साखर कारखान्यांच्या वाटेला लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, लेकरे, आणि सगळ्यांच्या वर बांधलेली गाठोडी असतात. त्या गाठोड्यांत गोधड्या असतात. मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या कोपीत, त्याच अंथरायच्या आणि त्याच पांघरायच्या. आपण हा अंक वाचत असू, तेव्हा त्या गाठोड्यांच्या गाठी सुटत असतील. गोधडी ही त्यांच्याकडे आठवण नाही. पहाटे चारला उठून कोयता उचलण्यापूर्वीची ती झोप आहे.

यंदा दिवाळीच्या आवराआवरीत तुमच्याही माळ्यावरून एखादी जुनी गोधडी खाली येईल. ती देऊन टाकण्यापूर्वी एकदा उजेडात पसरून पाहा. घरात कोणी वडीलधारी बाई असेल, तर तिला शेजारी बसवा आणि एकेक तुकडा कोणाचा ते विचारा. हे परकर कोणाचे, हे धोतर कोणाचे, हा खण कोणत्या ओटीतला. ती सांगेल ते लिहून ठेवा, आणि कागद गोधडीच्या घडीतच ठेवा. मग गोधडी उलटी करा आणि कोपऱ्यात टाका कसा वळला आहे तेही पाहा. आणि नवी शिवून घेणार असाल, तर पिंपळाखालच्या मावशीशी मजुरीची घासाघीस करण्याआधी लांबी-रुंदी मोजून टाक्यांचा गुणाकार तेवढा करून बघा.